दुखणं कधीपासूनचं

गंगुबाईला काही विचारलं की ती उत्तर देत नसे, हकिकत सांगे. पूर्णगडच्या खारवीवाड्यात हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. घाईत असलेला माणूस तिला बस गेली का, एवढंसुद्धा विचारायला धजत नसे. रत्नागिरीच्या हॉस्पिटलातल्या त्या तरुण डॉक्टरला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

आषाढ अर्धा सरला होता. मासेमारी बंद होती, होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या होत्या. त्या सकाळी वाऱ्याने महिपतच्या होडीवरची झापं उडवली. ती पुन्हा दोरीने आवळता आवळता महिपत मटकन वाळूत बसला. डावा हात छातीशी धरून नुसता बघत राहिला. पावसात भिजलेला असूनही कपाळावरचा घाम वेगळा दिसत होता. त्याची बायको सत्यवती बाजारासाठी सुकटीची टोपली भरत होती, ती टोपली तशीच टाकून धावली. शेजाऱ्याच्या रिक्षात महिपतला मध्ये बसवलं, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आई गंगुबाई, आणि रिक्षा रत्नागिरीच्या रस्त्याला लागली.

हॉस्पिटल नवं होतं. काचेचे दरवाजे, गार हवा, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. महिपतला आत नेलं, त्याच्याबरोबर गंगुबाई गेली, आणि सत्यवतीला काउंटरवर थांबवलं. तिच्या हातांना सुकटीचा वास होता, ओल्या साडीलाही होता. रांगेतल्या एका बाईने पदर नाकाला लावला आणि ती दोन पावलं मागे सरकली. सत्यवतीने एरवी तिला दोन शब्द सुनावले असते. आज तिने कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि त्यातलं विम्याचं कार्ड काचेवर ठेवलं.

ते कार्ड ठेवताना तिला जरा अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगा. तिचा भाऊ तीन वर्षांपूर्वी उपचाराला पैसे नाहीत म्हणून गेला होता. त्याच्या बाराव्यालाच तिने ठरवलं होतं की आपल्या घरात असं होऊ द्यायचं नाही. वाडीतला दीपेश विम्याचा एजंट, त्याच्याकडून तिने हट्टाने विमा घेतला. दोन्ही वर्षांचा हप्ता तिने डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकून भरला. त्यापायी लेक भाविकाच्या कानातलं करायचं राहिलं, होडीला नवं जाळं आलं नाही. सासूचे टोमणे तर फुकटच होते. "नाय झालेल्या दुखण्याचे पैसे भरतस? दुखणा बोलावून घेतस की काय घरात?" गंगुबाई म्हणायची. आता दुखणं न बोलावता आलं होतं आणि कार्ड हातात होतं.

आत डॉक्टर महिपतच्या छातीला वायरी लावत होता. महिपतला बोलवत नव्हतं.

"आजी, ह्यांच्या छातीत दुखणं कधीपासूनचं आहे?" डॉक्टरने कागद ओढत विचारलं.

गंगुबाईने स्टूल ओढून घेतलं. "ता मोठा सांगणा हाय, डॉक्टर. माजा बाबू वीस वर्साचा व्हता. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. दोन माणसा गेली, ह्यो वाचला. पर तवापासून रातीचा उठायचा आनि छाती धरून बसायचा. छातीत दुखता, दम कोंडता, बोलायचा."

"म्हणजे बावीस-तेवीस वर्षं झाली," डॉक्टरने कागदावरचं वय बघून हिशेब केला.

"झाली की. मंग मी देवीला गाऱ्हाना घातला. चांदीची छाती वाहीन बोलले. तीन महिन्यात देवीन बरा केलान. त्याच्यानंतर आजपातुर कदी छातीला हात लावलान नाय माज्या पोरान."

डॉक्टरने पहिला भाग लिहून घेतला. देवीसाठी त्याच्या कागदावर जागा नव्हती, आणि बाहेर अजून चार पेशंट होते. गंगुबाईला मात्र बरं वाटलं. शिमग्यात देवीची पालखी घरी आली की ती दरवर्षी ही हकिकत सांगे, आणि माणसं दरवर्षी ऐकत. सबंध आयुष्यात तिच्या हातून घडलेली एवढी एकच मोठी गोष्ट होती. पोराला समुद्राने सोडलं होतं, भीतीने धरलं होतं, आणि तिने ते देवीकडून सोडवून आणलं होतं. एवढ्या शिकलेल्या माणसाने ते लिहून घेतलं, याचं तिला अप्रूप वाटलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. बायपास करावी लागेल, मोठे डॉक्टर म्हणाले, आणि शक्य तितक्या लवकर. खर्चाचा जो आकडा सांगितला तो ऐकून सत्यवती घाबरली नाही. तिने फक्त विचारलं, "कार्डातून होयल ना?"

"होईल. कंपनीचं उत्तर आलं की तारीख देऊ," ते म्हणाले.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. विम्याच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचं नाव मृणाली. पोरगी भली होती. तिने सत्यवतीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच सत्यवतीने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"काकी, कंपनीने नाही म्हटलंय. त्यांचं म्हणणं, छातीचा त्रास बावीस वर्षांपासूनचा आहे आणि विमा घेताना तुम्ही तो लपवलात."

"बावीस? माज्या लग्नाला एकोणीस वर्सा झाली, बाय. मी कदी बघितला नाय ह्यांना छातीत दुखताना."

"केसपेपरवर लिहिलंय. पेशंटच्या आईने सांगितलं असं."

सत्यवती उठली. व्हरांड्याच्या टोकाला गंगुबाई जमिनीवर बसून डब्यातला भात खात होती.

"आये, डॉक्टरला काय सांगितलात तुमी?"

"काय सांगितला? त्येनी इचारलान, मी सांगितला."

"होडी उलटल्याची गोष्ट सांगितलात?"

"खरा ताच सांगितला. देवीन बरा केलान, ता पन सांगितला."

मग सत्यवतीच्या तोंडाला जे आलं ते ती बोलली. व्हरांड्यातली माणसं माना वळवून बघत होती, तिला पर्वा नव्हती. "तुमच्या तोंडापायी माजा नवरा मरनार हाय! दोन वर्सा मी टोपली घेऊन फिरले, उनात, पावसात, आनि तुमी बसल्या जागी एका गोष्टीत सगला घालवलात. ह्याच्याफुडे डॉक्टरच्या फुड्यात तोंड उघडलात तर बगा! एक शब्द बोलायचा नाय. एक शब्द!"

गंगुबाईने घास तोंडातच ठेवला. एरवी सुनेला ती एकाला चार ऐकवी, त्या दिवशी तिने काहीच ऐकवलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार. ती भाताचा डबा बंद करून उठली आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत बसली.

दीपेशला बोलावलं. तो मोटारसायकलवरून भिजत आला. गेली दोन वर्षं हप्त्याच्या दिवशी चहाला थांबणारा दीपेश आज उभाच राहिला.

"फॉर्मवर विचारतात, काकी. पूर्वी छातीत दुखलं होतं का, दम लागला होता का. मी नाहीवर खूण केली. तुम्हीच नाही म्हणालात."

"नाय व्हता म्हनून नाय बोलले."

"मग एकच मार्ग आहे. आजींनी प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. मी सांगितलेली माहिती चुकीची आहे, माझ्या मुलाला असा काही त्रास कधी नव्हता. ते जोडून पुन्हा मागणी करू."

सरकारी योजनेतून होईल का, हेही मृणालीने पाहून दिलं. योजना त्या हॉस्पिटलात नव्हती. जिथे होती तिथे यादी होती, आणि यादीत महिपतचा नंबर गणपतीनंतर लागत होता. तिने तिथेही नाव घालून ठेवलं. चौथ्या दिवशी गोळ्यांची पिशवी देऊन महिपतला घरी सोडलं. ओझं उचलायचं नाही, चढ चढायचा नाही, दुखलं तर तडक इकडे यायचं. राहिलेलं बिल भरायला सत्यवतीने गळ्यातलं डोरलं मोडलं आणि काळ्या मण्यांची नुसती पोत घालून ती घरी आली.

घरी प्रतिज्ञापत्राचा मजकूर भाविकाने आजीला वाचून दाखवला. ती बारावीला होती, असले कागद तिलाच वाचावे लागत. "मी दिलेली माहिती खोटी व निराधार असून..." इथे गंगुबाईने हात वर केला.

"खोटी? मी खोटा बोलले?"

"आजी, तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत? म्हंजे माज्या पोराला काय झालाच नव्हता? मंग देवीन बरा काय केलान? चांदीची छाती अजून देवळात टांगलेली हाय. ती कुनाची?"

पडवीत महिपत जाळं शिवत बसला होता. ओढायचं काम बंद झाल्यापासून तो तेवढंच करी. तो म्हणाला, "आये, देवीला समजता सगला. कंपनीला समजत नाय. कंपनीचा कागद हाय, कंपनीपुरता."

"माजा अंगठा हाय ना पर त्येच्यावर?"

शेवटी ती म्हणाली की देवीला विचारल्याशिवाय आपण अंगठा देणार नाही. सत्यवती चरफडली, पण दुसरी वाट नव्हती. मंगळवारी दोघी देवळात गेल्या. पायऱ्यांवर शेवाळ होतं. म्हातारीने सुनेचा हात धरला, सुनेने धरू दिला. इतक्या दिवसांत त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींना शिवल्या असतील.

भागोजी गुरवाने देवीच्या पाषाणाला पाण्याने न्हाऊ घातलं आणि उजव्याडाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मग तो गाऱ्हाण्याला उभा राहिला. "आये माउली, ही गंगुबाय तुज्या पायाशी आली हाय. लेकराच्या जिवासाठी एक कागद करायचा हाय. कागदात तुजा उपकार नाय म्हनून लिवायचा हाय. करू काय नको, तूच सांग."

सत्यवती पाकळ्यांकडे बघत होती. तिने मनातल्या मनात देवीला सांगितलं की हवं तर माझा राग कर, पण उजवी पाड. बराच वेळ काहीच पडलं नाही. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मग डाव्या अंगाची एक पाकळी सुटली आणि घरंगळत खाली आली.

भागोजीने देवीला पुन्हा नमस्कार केला. गंगुबाई उभी होती तिथेच उभी राहिली. सत्यवतीला वाटलं, संपलं आता, ही काही अंगठा देत नाही. तिला इतका राग आला की देवळात उभं राहवेना, ती बाहेर पायरीवर येऊन बसली.

थोड्या वेळाने गंगुबाई बाहेर आली. "चल. कुठं जायाचा ता. कचेरीत."

"देवी नको बोलली ना?"

"बोलली. ऐकला मी." म्हातारीने पदर डोक्यावर घेतला. "पोर माजा हाय. तिचा नाय."

रत्नागिरीला कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या वकिलाने कागद पुढे सरकवला. "आजी, कुणाच्या दबावाखाली करत नाही ना?" गंगुबाई त्याच्याकडे बघत राहिली. हे सवयीने विचारतात, उत्तर द्यायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सत्यवतीने तिचा हात धरला, वकिलाने अंगठ्याला शाई लावली. अंगठा उठला. परतीच्या एसटीत म्हातारी खिडकीशी बसली आणि शाईचा अंगठा पदराला घासत राहिली. पदर निळा झाला, अंगठाही निळाच राहिला. त्यानंतर ती देवळात गेली नाही. विचारलं तर म्हणे, पाय दुखतात. वाडीतल्या बायका आपसात बोलायच्या ते तिच्या कानावर येई, पण ती चुलीपुढून उठत नसे.

कंपनीचं उत्तर यायला अठरा दिवस लागले. दीपेश पत्र घेऊन आला, तेही संध्याकाळी, अंधार पडायच्या बेतात, कुणी बघू नये अशा वेळी. पत्र इंग्रजीत होतं. भाविकाने ते दोनदा वाचलं.

"काय म्हंतात?" महिपतने विचारलं.

"म्हणतात, आजीने आधी एक सांगितलं आणि आता दुसरं सांगते. म्हणजे माहिती लपवायचाच हेतू दिसतो. मागणी पुन्हा नामंजूर." तिने पत्र उलटलं. "आणि पॉलिसीही रद्द केली."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. खरं सांगितलं तर लपवलंत म्हणाले, आणि त्यांच्याच एजंटाने सांगितलेलं खोटं करून दिलं तर खोटं बोललात म्हणाले. ज्याने हे पत्र लिहिलं त्याला कुणी विचारावं की अरे बाबा, या घराने नक्की काय करायला हवं होतं? पण पत्राखाली नाव नव्हतं, नुसती सही होती, तीही छापलेली.

दीपेश जाता जाता गंगुबाईपाशी थांबला. त्यालाही वाईट वाटत होतं, निदान तसं दिसत होतं. "आजी, एक लक्षात ठेवा. यापुढे कुठल्याही डॉक्टरला मागचं काही सांगायचं नाही. कागदावर एकदा गेलं की गेलं."

"नाय सांगायची," गंगुबाई म्हणाली.

चुलीपुढून सत्यवती तुटकपणे म्हणाली, "आता सांगून काय नि नाय सांगून काय."

आता सरकारी यादीचाच भरवसा होता. गणपतीनंतरची तारीख भाविकाने कॅलेंडरवर लाल शाईने गोल केली. नारळी पौर्णिमेला महिपतने दरवर्षीसारखा नारळ समुद्राला दिला, पण होडी ढकलायला हात लावला नाही. भावकीतली दोन माणसं त्याची होडी घेऊन गेली. पाण्यात उतरणाऱ्या होडीकडे पाठ करून तो घरी आला आणि जाळं घेऊन बसला. "तारखेपातुर ह्येच करायचा," सत्यवती त्याला रोज सांगे. तो मान हलवी. कधी कधी तिची नजर चुकवून तो पाण्याचा हंडा उचलायला जाई, आणि मग गंगुबाई ओरडे.

गणपतीला आठ दिवस राहिले होते. भाविका कॉलेजला, सत्यवती बांगड्याची टोपली घेऊन पावसच्या बाजारात. दहाच्या सुमारास महिपतच्या हातातून सुई पडली. गंगुबाईने बघितलं तर तो भिंतीला टेकून बसलेला, ओठ पांढरे, घामाने शर्ट ओला. तिने हाका मारून शेजारचा रिक्षावाला आणला. रत्नागिरी तासाभराची, रस्त्याची कामं चालू, तेव्हा आधी जवळच्या दवाखान्यात नेऊ, असं त्याने सुचवलं. रिक्षातून त्यानेच सत्यवतीला फोन लावला, आणि मायलेकांना दवाखान्यात सोडून तो तिला आणायला गेला.

दवाखाना दोन खोल्यांचा. तापसर्दीच्या गर्दीत डॉक्टर एकटे होते. त्यांनी महिपतला बाकावर आडवं केलं, नाडी बघितली.

"काय होतंय?"

महिपतने ओठ हलवले. शब्द आला नाही.

"आजी, ह्यांना हृदयाचा काही त्रास? पूर्वी कधी छातीत दुखलं होतं?"

"नाय," गंगुबाई म्हणाली.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"नाय."

"कधीच काही नाही?"

"कदीच काय नाय. जन्मापासून काय नाय." गंगुबाईचा आवाज ठाम होता. डॉक्टरांच्या हातात पेन होतं आणि ती पेनाकडे बघत होती. "सकाळी सुकी मासली खाल्लान. पित्त झाला असल."

डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं, पंखा लावला आणि अर्धा तास पडू द्या, असं सांगून ते पुढच्या पेशंटकडे गेले. गंगुबाई लेकाच्या उशाशी बसली. त्याच्या कपाळाचा घाम पदराने पुसत राहिली. थोड्या वेळाने घाम यायचा थांबला, तेव्हा तिला बरं वाटलं.

सत्यवती पोचली तेव्हा दारात गर्दी होती. माणसांना ढकलत ती आत घुसली. टोपली कुठे टाकली ते तिलाही आठवत नव्हतं. डॉक्टर बाकावर वाकून दोन्ही हातांनी महिपतची छाती दाबत होते, पुन्हा दाबत होते. मग ते थांबले. सरळ झाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि नर्सला वेळ सांगितली.

सत्यवती दारातच भिंतीला धरून उभी राहिली. गंगुबाईने तिला बघितलं आणि स्टुलावरून लगबगीने उठून तिच्याकडे आली. तिला अजून काही कळलं नव्हतं. तिने सुनेचा दंड घट्ट धरला, तोंड तिच्या कानाशी नेलं, आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून हळूच म्हणाली,

"मी काय एक सांगितला नाय, सत्ये. एक शब्द नाय."